कुत्रा, बैल, मधमाशी, कोंबडी यांना रंग कसे दिसतात? प्रदर्शनासाठी फलक करायचेत

फळा_खडू

नववीच्या मुलांचा गट तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी प्राण्यांच्या रंगदृष्टीवर फलक करतोय. कुत्रा, बैल, मधमाशी आणि कोंबडी असे चार. प्रत्येकावर एकच दृश्य दोनदा: आपल्याला दिसतं तसं, आणि शेजारी त्या प्राण्याला दिसतं तसं. काही ठिकाणी गाडी अडलीय.

१. मुलांनी जमवलेल्या चित्रांत कुत्र्याचं जग कुठे राखाडी आहे, कुठे पिवळं-निळं. खरं कोणतं?

२. बैलाला लाल दिसत नाही म्हणतात. मग लाल कापड त्याला काळं दिसतं का?

३. मधमाशीसाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च फुलावर मारून मोबाइलने फोटो काढला तर चालेल का?

४. फोटो स्वतः बदलायचा तर नेमकं काय करायचं? मुलांना स्प्रेडशीट येते, फोटोशॉप नाही.

दृष्टिपटल

आधी फलकाचं शीर्षक बदला. 'कुत्र्याला असं दिसतं' हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुत्र्याला कोणते दोन रंग वेगळे ओळखता येतात आणि कोणते येत नाहीत, एवढं मात्र मोजता येतं, मोजलेलंही आहे. परीक्षकांनी खोदून विचारलं तर मुलांनी याच मुद्द्यावर ठाम राहावं.

माणसाच्या दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) तीन प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, असतात. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. कुत्र्यात दोनच प्रकार, ४२९ आणि ५५५. हे आकडे नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांच्या १९८९ च्या कामातले. तीन पाट्यांपैकी वेगळ्या रंगाची पाटी नाकाने दाबायला त्यांनी कुत्र्यांना शिकवलं होतं, आणि पाट्यांचा उजेड मुद्दाम कमीजास्त करत ठेवला होता. ही खबरदारी नसती तर कुत्रा रंग ओळखतोय की नुसता फिका-गडदपणा, ते कळलंच नसतं. घरी चेंडू मांडून होणाऱ्या बहुतेक 'प्रयोगां'चं घोडं इथेच पेंड खातं. वरून चेंडूचा वास असतो तो वेगळाच.

म्हणजे राखाडी चित्रं बाद. निळा आणि पिवळा कुत्र्याला छान वेगळे कळतात. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा हे सगळे एकाच घराण्यातले वाटतात, फरक उरतो तो फिक्या-गडदचा. आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा त्याला पांढऱ्या-राखाडीपासून वेगळा काढता येत नाही.

बैलाचंही जवळपास हेच, ४४४ आणि ५५५. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: काळं नाही. लाल प्रकाश ५५५ वाल्या शंकुपेशीला उत्तेजित करतोच, कमी प्रमाणात. त्यामुळे लाल कापड मळकट, गडद पिवळसर या वर्गात जातं. पोळ्याला शिंगांना लावलेला हिंगूळ आणि पायाखालचं गवत यांत बैलाला रंगाचा म्हणून फारसा फरक नसणार. तो थाट आपल्या डोळ्यांसाठी.

आता फोटो. कुत्रा आणि बैल यांच्यासाठी माणसातल्या 'ड्यूटेरानोपिया' या वर्णांधतेचं रूपांतर सगळ्यांत जवळचं, कारण त्यात ५३० वाली शंकुपेशी नसते आणि ५६० वाली शिल्लक असते. 'प्रोटानोपिया' निवडू नका. त्यात लाल फारच काळवंडतो, जे या प्राण्यांना लागू नाही.

स्प्रेडशीटसाठी सोपं सूत्र असं. नवा लाल = नवा हिरवा = ०.२९ × जुना लाल + ०.७१ × जुना हिरवा. निळा जवळजवळ तसाच राहतो. पण हे सूत्र फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या ० ते २५५ या आकड्यांवर थेट वापरायचं नाही. ते आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. आधी सरळ करायचे: आकडा भागिले २५५, त्यात ०.०५५ मिळवा, १.०५५ ने भागा, २.४ वा घात घ्या. (भागाकार ०.०४०४५ किंवा त्याहून कमी आला तर नुसतं १२.९२ ने भागा.) मग सूत्र. मग उलट: १/२.४ वा घात, गुणिले १.०५५, वजा ०.०५५, गुणिले २५५.

लाल चेंडू घ्या (लाल २००, हिरवा ३०, निळा ३०) आणि गवत (९०, १२५, ४०). सूत्र नीट लावलं तर चेंडू (११७, ११७, ३०) आणि गवत (११६, ११६, ४०). चेंडू गवतात अक्षरशः गडप. निळा चेंडू (३०, ६०, २००) घेतलात तर (५३, ५३, २००) येतो आणि गवतावर उठून दिसतो. आता पहिली पायरी गाळून पाहा: लाल चेंडूला ७९ येतात, गवताला ११५. चेंडू गडद ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो आणि फलकाचा निष्कर्षच उलटा होतो. नेटवरच्या कित्येक चित्रांत हीच चूक आहे. मुलांनी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लावले तर मी परीक्षक असतो तर तिथेच गुण दिले असते.

अख्खा फोटो बदलायचा असेल तर क्रोम ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स, त्यात 'रेंडरिंग' टॅब, तिथे 'एम्युलेट व्हिजन डेफिशियन्सीज' मधून ड्यूटेरानोपिया निवडा आणि स्क्रीनशॉट घ्या. गिंप सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्प्ले फिल्टर्स'मध्ये अशीच सोय आहे, पण तो फिल्टर फक्त पडद्यावर लागतो. फाइल एक्स्पोर्ट केली की मूळ रंग परत येतात आणि मुलं डोकं धरून बसतात.

एक राहिलं. कुत्र्याची नजर आपल्याइतकी बारीकही नाही. आपल्याला ७५ फुटांवरून कळणारा बारकावा त्याला साधारण २० फुटांवरून कळतो. चित्र थोडं धूसर करा, नाहीतर रंग बरोबर पण बाकी माणसाचंच, असं होईल.

तिरकस

बैलाला लाल कळत नाही तर स्पेनमधला बैल लाल कापडावर धावून का जातो?

दृष्टिपटल

हलतं म्हणून. ते लाल कापड, 'मुलेता', झुंजीच्या शेवटच्या तिसऱ्या टप्प्यातच येतं. त्याआधीचं मोठं कापड, 'कपोते', बहुधा एका बाजूने गडद गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने पिवळं असतं, आणि बैल त्याच्यावरही तेवढ्याच त्वेषाने जातो.

सातेरी

प्रश्न ३ माझ्या प्रांतातला. नाही, टॉर्चने चालणार नाही, आणि का चालणार नाही हेच फलकावर लिहिण्याजोगं आहे.

मधमाशीच्या शंकूंची शिखरं (काटेकोर बोलायचं तर त्या शंकुपेशी नव्हेत, पण सोयीसाठी) ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरला. म्हणजे तीनच, आपल्याइतकेच, पण सगळी पट्टी अतिनीलकडे सरकलेली. फुलाच्या पाकळीवरून किती अतिनील प्रकाश परत येतो, ते तिला दिसतं. टॉर्च मारल्यावर अंधारात आपल्याला जे चमकतं ती प्रतिदीप्ती: पदार्थ अतिनील प्रकाश शोषून निळा-हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या उलट असतात, कारण जो भाग अतिनील शोषतो तो मधमाशीला त्या पट्ट्यात गडद असतो आणि तुमच्या फोटोत नेमका तोच चमकू शकतो. शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्यात अतिनील अडवणारा फिल्टर असतो आणि काचही त्यातला बराच प्रकाश गिळते.

खरा फोटो काढायला आतला फिल्टर काढलेला कॅमेरा, अतिनील जाऊ देणारी लेन्स आणि फक्त ३२० ते ३९० च्या आसपासचा प्रकाश सोडणारा फिल्टर लागतो. हा शाळेच्या बजेटचा खेळ नव्हे. टॉर्च वापरणारच असाल तर 'प्रतिदीप्ती' असं स्वच्छ लिहा, आणि मुलांच्या डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवाच.

त्याऐवजी सूर्यफूल काढा, हाताने. सूर्यफुलाच्या बाहेरच्या पाकळ्या आपल्याला टोकापासून देठापर्यंत पिवळ्या दिसतात. अतिनीलमध्ये टोकाकडचा भाग उजळ आणि बुंध्याकडचा गडद असतो, मध्ये चकतीसारखं लक्ष्य तयार होतं. रंगवताना एक पद्धत ठरवा आणि फलकावर लिहा: अतिनील असेल तिथे निळा, निळा असेल तिथे हिरवा, हिरवा असेल तिथे लाल. अशा चित्राला 'सांकेतिक रंगातलं' म्हणायचं. मधमाशीला 'असंच' दिसतं असं नाही. तीन पट्टे आपल्या तीन पट्ट्यांत बसवले, इतकंच.

पांढऱ्याचा घोळही दाखवता येईल. बरीच पांढरी फुलं अतिनील शोषतात, त्यामुळे मधमाशीच्या दृष्टीने ती पांढरी नाहीत, निळा आणि हिरवा हे दोनच पट्टे भरलेली, म्हणजे रंगीत आहेत. झेरॉक्सचा कागदही असाच. त्यातलं चकाकी देणारं रसायन अतिनील शोषतं.

फळा_खडू

दोघांचेही आभार, शीर्षक बदललं. 'मधमाशीला रंग कळतो' हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? शाळेपासून जवळच एकांकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि ते मदत करायला तयार आहेत.

सातेरी

कार्ल फॉन फ्रिशने १९१४ च्या सुमारास केलेला प्रयोग अजूनही सगळ्यांत चोख आहे. त्याला १९७३ चं नोबेल मिळालं ते मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल, पण सुरुवात या रंगीत कार्डांपासून होती.

१५ सेंटिमीटर बाजूची चौकोनी कार्डं. एक निळं, बाकी पंधरा राखाडी, जवळजवळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वेगवेगळ्या छटांची. चार बाय चार असं मांडायचं. प्रत्येक कार्डावर काचेची एकसारखी छोटी वाटी. निळ्यावरच्या वाटीत साखरपाणी, वजनाने निम्मं-निम्मं. बाकी वाट्यांत साधं पाणी. माश्या येऊ लागल्या की दर १०-१५ मिनिटांनी निळ्या कार्डाची जागा बदलायची. दोन-तीन तासांनी सगळी कार्डं आणि वाट्या काढून नवी, स्वच्छ मांडायची, सगळ्या वाट्या रिकाम्या, निळं कार्ड आजवर न ठेवलेल्या जागी. पाच मिनिटं प्रत्येक कार्डावर किती माश्या उतरतात ते मोजायचं.

राखाडीच्या इतक्या छटा कशासाठी, हे मुलांना उमगलं की प्रयोग उमगला. मधमाशीला रंग कळत नसता तर निळं कार्ड तिला कुठल्या तरी एका राखाडीसारखंच दिसलं असतं आणि तिने त्या राखाडीवरही तितकीच गर्दी केली असती.

बिघडतं कुठे: जागा न बदलल्यास माश्या जागाच पाठ करतात. जुनी वाटी चाचणीत वापरली तर आधीच्या माश्यांनी सोडलेल्या वासावर नव्या उतरतात. कार्डांवर एक मोठी काच टाका आणि चाचणीआधी पुसा. पेटीच्या तोंडाशी साखरपाणी ठेवाल तर लुटालूट (एका पेटीतल्या माश्या दुसरीतला मध पळवतात) सुरू होईल आणि पेटीवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत, तेव्हा टेबल चांगलं लांब. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या जिंकतात. बाहेर फुलोरा भरपूर असेल तर माश्या साखरपाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि कोणाला डंखाची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून आधी लेखी घ्या.

तोच प्रयोग लाल कार्डावर शिकवून करा. माश्या लाल कार्ड आणि काळं-गडद राखाडी कार्ड यांत गोंधळतात. पळस, पांगारा, सावर यांच्या लालभडक फुलांवर शिंजीर, मैना, बुलबुल यांची झुंबड असते, त्यामागे हेही एक कारण. मधमाश्या तिथे येतच नाहीत असं मात्र लिहू नका. येतात, लाल हा त्यांच्यासाठी खुणेचा रंग नाही, इतकंच.

कार्ड लहान करायचा मोह होईल, करू नका. मधमाशीला रंग वापरायला वस्तू डोळ्यात निदान १५ अंशांची भरावी लागते. १५ सेंटिमीटरचं कार्ड साधारण ५७ सेंटिमीटरवरून तेवढं भरतं. १ सेंटिमीटरचं फूल जेमतेम ४ सेंटिमीटरवरून. त्यापलीकडे, ५ अंशांपर्यंत, तिला फक्त हिरव्या पट्ट्यातला फिका-गडदपणा कळतो, म्हणजे रंग नाहीच.

रानवाट

फलक वाढवायला वाव असेल तर वाघ घ्या. लोकांना पटकन भिडतं. वाघ नारिंगी का, हिरवा का नाही, असं मुलं विचारतातच. सस्तन प्राण्यांच्या केसांत दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी आणि एक तांबूस-पिवळं. हिरवं करायची सोयच नाही. आणि गरजही नाही, कारण हरणांच्या कुळात दोनच शंकुपेशी असल्यामुळे नारिंगी अंग आणि हिरवा पाला त्यांना एकाच रंगात मोडतात. दृष्टिपटल यांचं सूत्र ताडोबातल्या वाघाच्या कुठल्याही फोटोला लावा, पट्टे उरतात आणि वाघ गवतात विरघळतो.

वानराचं वेगळं. लंगूर जुन्या जगातल्या (आफ्रिका-आशियातल्या) माकडांपैकी, त्याला आपल्यासारख्याच तीन शंकुपेशी. झाडावरून त्याचा 'खकर' आवाज आला की चितळ कान टवकारतं, त्यात उंचीचा वाटा आहेच, पण नारिंगी वेगळा दिसण्याचाही असणार.

जाता जाता सफारीवाल्यांसाठी. हरणांच्या बाबतीत भगवा-नारिंगी शर्ट चालून जातो. निळी जीन्स आणि चकाकी देणाऱ्या पावडरने धुतलेला पांढराशुभ्र शर्ट जास्त खुपतो, कारण दोन्हींतून निळा प्रकाश भरपूर येतो.

घोड्याचंही असंच आहे, तोही दोन शंकुपेशींचा. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर २०२२ पासून पांढरा करायला घेतला. नारिंगी माणसांना ठळक दिसायचा, उडी घोड्याला मारायची होती.

बांधावरून

शेतीतलं उदाहरण टाकलंत तर पालकही थांबतील. पिवळे आणि निळे चिकट सापळे.

पांढरी माशी आणि मावा पिवळ्यावर येतात. त्यांना पिवळा 'आवडतो' असं नव्हे. पान ओळखायचा त्यांचा हिशेब असा की हिरव्या पट्ट्यात भरपूर आणि निळ्या पट्ट्यात कमी. पिवळा पत्रा हिरव्या पट्ट्यात पानापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परत देतो आणि निळा जवळजवळ नाहीच. त्यांच्या लेखी ते पानाहून जास्त पान. फुलकिडे निळ्यावर जास्त येतात, म्हणून कांदा, मिरची, द्राक्ष यांत निळे लावतात.

लक्ष ठेवण्यापुरते एकरी १० ते १२ पुरतात. पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकवायचे. लोक लावणीला बांधतात आणि मिरची कमरेला आली तरी सापळा गुडघ्यालाच. धूळ बसून पिवळा मळकट झाला की कीटकांच्या हिशेबात तो बसत नाही, चिकटपणा शिल्लक असला तरी. तेव्हा बदला. निळ्यावर मधमाश्याही अडकतात, म्हणून फुलोऱ्यात परागीभवनावर अवलंबून असलेल्या पिकात निळे कमी ठेवा.

शेडनेट-पॉलिहाउसवाल्यांसाठी: अतिनील शोषणारा प्लास्टिक कागद लावला की पांढरी माशी आणि फुलकिडे आत कमी शिरतात. परागीभवनासाठी आत मधमाश्या सोडणार असाल तर त्याही त्याच कागदाखाली गोंधळतात.

फळा_खडू

कोंबडीचा फलक राहिलाच. तिला चार शंकुपेशी असतात इतकं वाचलं. ते चित्र कसं करायचं?

दृष्टिपटल

करता येत नाही. चार पट्ट्यांची माहिती तीन पट्ट्यांच्या कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते, मग कितीही सूत्रं लावा. कुत्र्याच्या बाबतीत आपण माहिती कमी करत होतो म्हणून जमलं. याच कारणाने कोंबडीला मोबाइलवर दाण्याचा फोटो दाखवून रंगाचा निष्कर्ष काढणं चूक: पडद्याचे तीन रंग माणसाच्या डोळ्यासाठी जुळवलेले असतात.

त्या जागी पट्ट्या लावा. ३०० ते ७०० नॅनोमीटर, १ सेंटिमीटरला २० नॅनोमीटर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पाच पट्ट्या एकाखाली एक. शिखरं टिकल्यांनी दाखवायची. माणूस ४२०, ५३०, ५६०. कुत्रा ४२९, ५५५. बैल ४४४, ५५५. मधमाशी ३४४, ४३६, ५४४. कोंबडी ४१५, ४५५, ५०८, ५७१. मधमाशीची पहिली टिकली डावीकडून २.२ सेंटिमीटरवर येईल, बाकी सगळ्यांच्या पहिल्या टिकल्या ५.७५ वर किंवा त्यापुढे.

माणसाच्या पट्टीकडे मुलांचं लक्ष वेधा. दुसरी आणि तिसरी टिकली जेमतेम दीड सेंटिमीटर अंतरावर. लाल-हिरवा हा आपला सगळा फरक त्या दीड सेंटिमीटरवर उभा आहे, कारण ती दोन जनुकं एकाच मूळ जनुकाच्या नकलेतून झाली आणि एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. पुरुषांत एक्स एकच, म्हणून ही वर्णांधता त्यांच्यात जास्त. कोंबडीच्या टिकल्या त्यामानाने ऐसपैस. शिवाय तिच्या प्रत्येक शंकुपेशीत तेलाचा एक थेंब असतो. बहुतेक प्रकारांत तो रंगीत असतो आणि फिल्टरसारखा आखूड तरंगलांबी कापतो, त्यामुळे शेजारच्या पेशींचे प्रतिसाद एकमेकांवर कमी चढतात.

'शंकुपेशी जास्त म्हणजे रंग जास्त' असं मात्र कुठे लिहू नका. मँटिस श्रिंप या सागरी प्राण्यात रंगासाठी १२ प्रकारच्या ग्राहक पेशी आहेत, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याला १२ ते २५ नॅनोमीटरपेक्षा जवळचे रंग वेगळे ओळखता आले नाहीत. माणूस कित्येक ठिकाणी १ ते ४ नॅनोमीटरचा फरक पकडतो.

पट्ट्यांची पार्श्वभूमी इंद्रधनुष्याच्या रंगात छापणार असाल तर ३०० ते ४०० हा भाग जांभळा रंगवू नका. तिथे करडा द्या, आणि खाली लिहा की हा भाग आपल्या डोळ्यातलं भिंगच अडवतं.